ट्रंकेतली कॅसेट फेकण्याआधी

या वेळच्या भागात बचत, हप्ता, व्याज यातलं काही नाही. आज गाण्यांबद्दल बोलायचं आहे. गाणी आपण कशी ऐकत आलो, ती कशात साठवत आलो आणि माळ्यावर, ट्रंकेत पडलेल्या जुन्या कॅसेटींचं काय करायचं, याबद्दल. विषय हलका वाटेल. आम्हालाही आधी वाटला होता.

झालं असं. दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या गटातल्या एका ताईनं माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत वीसेक कॅसेटी. घरातला टेपरेकॉर्डर कधीच मोडीत गेलेला. भंगारवाला दारात उभा होता, प्लास्टिकच्या भावानं घेतो म्हणाला. ताईनं डबा त्याच्या पोत्यात उपडा केला. ओसरीवर तिची आत्या शेंगा फोडत बसली होती.

"काय टाकलंस गं?"

"काही नाही आत्या, जुन्या पिक्चरच्या कॅसेटी."

"लाल कागदाची होती का त्यात? अगं बाई, तिच्यात तुझी आई आहे!"

भंगारवाला भला माणूस. त्यानं अंगणात सगळं पोतं ओतलं आणि लाल कागदाची कॅसेट शोधून दिली.

ताईची आई गेली तेव्हा ताई सहा वर्षांची होती. आईचा एकच फोटो घरात आहे, तोही लग्नातल्या घोळक्यातला. १९९१ साली घरात लग्न होतं. हळदीच्या आधी जातं मांडलं, बायका ओव्या गायला बसल्या. मुंबईला गिरणीत असलेल्या चुलत्यानं टू-इन-वन आणला होता, म्हणजे रेडिओ आणि टेप एकात. गावात कोरी कॅसेट कुठली मिळायला? त्यानं सिनेमाच्या गाण्यांची विकतची कॅसेट घेतली आणि तिच्यावरच ओव्या भरल्या. वरचा कागद सिनेमाचाच राहिला. म्हणून तीस-बत्तीस वर्षं कुणाला पत्ता नाही.

विकतच्या कॅसेटवर भरता कसं आलं, हे आधी सांगतो, कारण तुमच्याही घरात अशा कॅसेटी निघतील. कॅसेटची जी कड उघडी असते, जिथून पट्टी दिसते, तिच्या समोरच्या कडेला दोन टोकांना दोन बारीक प्लास्टिकच्या जिभा असतात. जीभ शाबूत असेल तरच मशीनचं रेकॉर्डचं बटण दाबलं जातं. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटला तिथं भोक असतं, म्हणजे चुकून कुणी पुसू नये. पण त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला किंवा वरून चिकटपट्टी लावली की मशीन फसतं आणि भरून घेतं. तेव्हा घरातल्या कॅसेटी उलट्या करून त्या दोन भोकांकडे बघा. विकतच्या कॅसेटच्या भोकात कागद कोंबलेला दिसला, तर आत वरच्या कागदावर लिहिलंय त्याहून वेगळं काहीतरी आहे असं धरून चाला.

आता आमची चूक. आम्ही सगळ्या इतक्या उतावीळ झालो की शेजारच्या गावातून एक जुना टेपरेकॉर्डर मागून आणला आणि तिथंच कॅसेट घालून बटण दाबलं. आधी घरघर, मग बाईचा आवाज, लांबून आल्यासारखा, रडका. ताईच्या आत्यानं तोंडाला पदर लावला. तेवढ्यात खरखर झाली आणि आवाज गेला. झाकण उघडलं तर पट्टी चाकात गुंडाळलेली. आमच्यातल्या एकीनं ओढली आणि ती तुटली. कुणी ओढली ते इथं सांगत नाही. बटण दाबायची घाई आम्हा सगळ्यांचीच होती.

असं का होतं? कॅसेटच्या आत प्लास्टिकची पातळ पट्टी असते, रुंदी चार मिलिमीटरलाही थोडी कमी. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती जवळपास नव्वद मीटर भरते. पट्टीच्या एका अंगाला लोखंडाच्या गंजासारखी बारीक तपकिरी पूड बसवलेली असते. आपण बोलतो तेव्हा आवाजाची वीज होते, विजेचं लोहचुंबक होतं आणि ते चुंबक या पुडीला कमी-जास्त भारत जातं. वाजवताना उलटं होतं. म्हणजे आईचा आवाज त्या पट्टीवर चुंबकाच्या खुणांनी लिहून ठेवलेला असतो. म्हणूनच कॅसेट मोठ्या स्पीकरला टेकवून ठेवू नये, त्याच्या आत चुंबक असतं आणि या खुणा पुसट होतात. दमट हवेत पट्टीवर पांढरी बुरशी धरते, पदर एकमेकांना चिकटतात. शिवाय मशीनमधला रबराचा पट्टा वर्षानुवर्षं पडून सैल होतो. चिकटलेली पट्टी, सैल पट्टा आणि घाई, तिन्ही एकत्र आलं की आमचं झालं तसं होतं.

मग ती कॅसेट रुमालात बांधून आम्ही तिघी पुण्याला निघालो, बुधवार पेठेत. हे नाव घेतल्यावर घरातले पुरुष कसे हसले ते तुम्हाला सांगायला नको. त्या पेठेचा एक भाग पुण्यात ज्या कारणासाठी ओळखला जातो, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच पेठेत दगडूशेठचा गणपती आहे, तांबडी जोगेश्वरी आहे. अप्पा बळवंत चौकात शाळा-कॉलेजच्या पुस्तकांची दुकानं आहेत. पासोड्या विठोबाचं देऊळ आहे आणि तिथंच तपकीर गल्लीत विजेच्या, रेडिओ-स्पीकरच्या सामानाची दुकानं दाटीनं उभी आहेत. वायर, पिन, बटण, पट्टा, काय लागेल ते सुटं मिळतं. स्वारगेटला एसटीतून उतरून मंडईपर्यंत आलं की पुढं सगळं पायी.

हसणाऱ्यांना आम्ही एक गोष्ट सांगितली, ती तुम्हीही ऐका. हिंदुस्थानात पहिल्यांदा व्यापारासाठी आवाज भरून घेतले ते १९०२ च्या नोव्हेंबरात, कोलकात्याला. ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला होता. तबकडीवर गायला कोण तयार झालं? घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतून बाईचं गाणं उंबऱ्याबाहेर जात नव्हतं. तयार झाल्या त्या कोठ्यावर गाणाऱ्या, नाचणाऱ्या बायका. त्यातल्या गौहर जान यांचं नाव देशभर झालं. गाणं संपलं की त्या इंग्रजीत आपलं नाव मोठ्यानं सांगायच्या. तबकड्या तेव्हा जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिकडच्या कारागिरांना कोणाचं गाणं कुठलं ते कळावं म्हणून ही युक्ती. आपल्या पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांच्या लावण्या, भजनंही तबकड्यांवर निघाली. प्रभातच्या 'माणूस' या १९३९ च्या बोलपटात त्यांनी आईचं कामही केलं होतं. ज्यांच्या वस्तीचं नाव घ्यायला लोक लाजायचे, त्यांचेच आवाज मग वाड्यावाड्यांत गेले आणि माजघराच्या दाराआडून बायकांनी ऐकले. बैठकीला बाईनं जायचं नाही, पण ओसरीवर तबकडी लागली तर कान कोण बांधणार?

ती तबकडी लाखेची असायची. बांगड्यांना, दागिन्यांना वापरतात तीच लाख, झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी, त्यात दगडाची भुकटी मिसळलेली. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं आणि दर बाजूला नवी सुई. पडली की फुटली. किंमत अशी की गावात एखाद्या घरी असली तर असली. १९४८ नंतर अमेरिकेतून मोठी, न फुटणारी, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं वाजणारी तबकडी आली, पण आपल्या गावांपर्यंत ती फारशी पोचलीच नाही.

आपल्याकडं पोचला तो रेडिओ. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि १९५५ च्या रामनवमीपासून तिथून गीतरामायण लागलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आठवड्याला एक गाणं, एकूण छप्पन्न. जुन्या बायका सांगतात, त्या वेळी रेडिओसमोर उदबत्ती लावून बसायचे. पण रेडिओची एक अडचण होती. गाणं आलं आणि गेलं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत तुमच्याजवळ आठवणीपुरतं उरणार. ठेवून घ्यायची सोय नव्हती. आणि रेडिओचं बटण पुरुषांच्या हातात. बातम्या लागल्या की आपण भाकरीकडं.

ठेवून घ्यायची सोय कॅसेटनं आणली. म्हणून आम्ही तिच्याबद्दल जास्त बोलतोय, तबकडीबद्दल कमी. १९६३ साली फिलिप्स या हॉलंडच्या कंपनीनं ती काढली. आपल्याकडं ती १९८० नंतर जोरात पसरली. आखातात, मुंबईत कामाला गेलेली माणसं सुट्टीला येताना टू-इन-वन घेऊन यायची. तबकडी छापायला मोठा कारखाना लागतो. कॅसेट भरायला एका खोलीतही जमायचं. त्यामुळं लहान लहान कंपन्या निघाल्या आणि ज्यांना मोठी कंपनी दारात उभं करत नव्हती ते आवाज बाजारात आले. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं, भीमगीतं, जत्रेतली लोकगीतं, वगनाट्यं, कीर्तनं. एसटी स्टँडवर, वारीच्या वाटेवर, आठवडी बाजारात कॅसेटींच्या टपऱ्या असायच्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यात रेकॉर्डचं लाल बटण होतं. पहिल्यांदाच आपल्या घरात, आपल्या माणसाचा आवाज आपल्याला धरून ठेवता आला. शहाण्या माणसांनी भाषणं भरली. आमच्या चुलत्यांनी बायकांच्या ओव्या भरल्या.

तपकीर गल्लीत दोन दुकानदारांनी मान हलवली. "आता कोण करतं ताई हे काम," म्हणाले. तिसऱ्यानं एका जिन्याकडं बोट दाखवलं. वर एक म्हातारे काका, टेबलावर उघडे पडलेले रेडिओ. त्यांनी कॅसेट हातात घेतली, उजेडाकडं धरली आणि पहिला प्रश्न विचारला, "वाजवून बघितली का घरी?" आम्ही गप्प. "सगळे तेच करतात," एवढंच म्हणाले.

त्यांनी काय केलं ते नीट सांगतो. कॅसेटच्या चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच बारीक स्क्रू असतात. ते काढून वरचं कवच उचललं. काही कॅसेटी चिकटवलेल्या असतात, त्यांना स्क्रू नसतात. तिथं जपून पातं घालावं लागतं. आतली पट्टी चुरगळली होती तेवढा भाग सरळ केला. तुटलेली दोन टोकं तिरकी कापून जुळवली आणि मागच्या बाजूनं त्यासाठीच मिळणारी खास चिकटपट्टी लावली. घरातली साधी चिकटपट्टी लावायची नाही. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि पुढच्या पदराला धरतो. मग दुसऱ्या एका चांगल्या कॅसेटचं रिकामं कवच घेऊन दोन्ही रिळं त्यात बसवली, कारण जुन्या कवचातला लहानसा गादीचा तुकडा गळून पडला होता. तो तुकडा पट्टीला मशीनच्या मुंडीवर दाबून धरतो. तो नसला की आवाज लांबून येतो. आम्हाला आवाज लांबून आल्यासारखा वाटला होता, त्यात याचाही हात होता.

मग मशीनची मुंडी कापसाच्या काडीनं, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. कॅसेट न वाजवता एकदा पुढं, एकदा मागं अशी पूर्ण फिरवली, चिकटलेले पदर मोकळे व्हावेत म्हणून. एवढं सगळं झाल्यावर वाजवायचं बटण. आणि पहिल्याच वाजवण्याला मशीनमधून एक वायर संगणकाला लावलेली. ते म्हणाले, "जुनी पट्टी दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नसते. पहिल्यांदा वाजतानाच भरून घ्यायची."

बावीस मिनिटं आहेत. चार-पाच बायकांचे आवाज, जात्याची घरघर, बांगड्या, मध्येच कोंबडं आरवतं. ताईच्या आईचा आवाज आत्यानं नंतर घरी ओळखून दिला. भावांची नावं घेऊन गाणारी तीच. मध्ये एक लहान मूल रडतं आणि ओवी थांबवून कुणीतरी म्हणतं, हिला घ्या गं कुणीतरी. आत्या म्हणाली, रडणारी तूच. जिथं पट्टी तुटली तिथं एका ओवीचा शेवट गेलाय, दोन-तीन सेकंदांचा. तो गेला तो गेला. आणि बावीस मिनिटं संपली की अचानक ढोल-गिटार वाजून सिनेमाचं गाणं सुरू होतं, अर्ध्यातून. पुण्याच्या त्या खोलीत आम्ही त्या गाण्यावर इतक्या हसलो की काकाही हसले.

ओव्यांचं मोल फक्त आपल्याला वाटतं असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ या दोघांनी पुण्यातून हे काम उभं केलं. मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांपासून सुरुवात करून पुढं हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या लिहून घेतल्या आणि कित्येक तास टेपवर भरून घेतल्या. पुढं 'पारी' या संस्थेनं त्या इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या केल्या. मोबाइलवर "जात्यावरच्या ओव्या पारी" असं बोलून शोधलं तरी सापडतात. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि जमेल तिथं फोटोसुद्धा आहे. कदाचित तुमच्या माहेरच्या कुणाचा आवाज त्यात असेल.

आता घरी काय करायचं ते. कॅसेटी दोन ढिगांत वेगळ्या करा. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटी एकीकडं. त्यातली बहुतेक गाणी आज मोबाइलवर मिळतात, त्यांची घाई नाही. जत्रेतल्या लहान कंपन्यांच्या, स्थानिक शाहिरांच्या कॅसेटी मात्र त्या ढिगातून उचला, त्यातल्या कित्येक दुसरीकडं कुठंच मिळत नाहीत. दुसरा ढीग घरी भरलेल्यांचा. लग्न, बारसं, भजन, परगावाहून पत्राऐवजी पाठवलेली कॅसेट. हा ढीग आधी वाचवायचा. वर काही लिहिलं नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा, आज विचारा. पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. कॅसेट डबीत घालून, पुस्तकासारखी उभी, चुलीपासून आणि ओलीच्या भिंतीपासून लांब. पट्टी ढिली लोंबत असेल तर चाकाच्या भोकात पेन्सिल घालून हळूच गुंडाळा, हे आपल्याला सगळ्यांना येतंच.

भरून घेताना एक तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, कुणी पाच मिनिटांत देतो म्हणाला तर दुसरीकडं जा. मूळ कॅसेट परत मागून घ्या. काहीच सोय नसेल तर चालू टेपसमोर मोबाइल ठेवून भरा, पंखा बंद करून. आवाज कमी प्रतीचा येईल, पण येईल. आणि नुसत्या सीडीवर भरवून समाधान मानू नका. घरी भरलेली सीडी उन्हात, उष्णतेत काही वर्षांत वाचेनाशी होऊ शकते. पेनड्राइव्हही एक दिवस न सांगता बंद पडतो. म्हणून दोन घरांत दोन प्रती, एक तुमच्याकडं, एक भावाकडं किंवा बहिणीकडं.

आपण मोबाइलच्या दुकानातून कार्डात पाचशे गाणी भरून घ्यायचो, आठवतं? ती कार्डं कुठं आहेत आज? फोन बदलला, कार्ड गेलं. आता तर गाणं फोनमध्येही नसतं, रेंज आहे तोवर वाजतं. आमच्या गटातल्या मुली कानात बोंड घालून एकेकट्या ऐकतात. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही, सासरी स्वतःचं म्हणून एवढं एक तरी त्यांना मिळालं. पण बाईला आवडतं ते गाणं घरातल्या दुसऱ्या कुणाला माहीतच नसतं, हे आम्हाला खटकतं. शहरात काही तरुण उलटे वळलेत. पुण्याच्या जुन्या बाजारात तबकड्या शोधत फिरतात. अमेरिकेत तर २०२० साली तबकड्यांच्या विक्रीतून सीडीपेक्षा जास्त पैसा आला.

एक अडचण आमच्याकडं आली तीही सांगतो. ताईनं आईच्या ओव्या गावच्या ग्रुपवर टाकल्या. त्यात गाणाऱ्या दुसऱ्या एका आजीच्या घरच्यांना ते आवडलं नाही, आमच्या म्हातारीचा आवाज न विचारता का टाकला म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. ताईनं तो काढला, त्यांना पेनड्राइव्हवर त्यांची प्रत नेऊन दिली. नंतर त्यांनीच आजीला ऐकवलं. आजी आता नव्वदीला टेकल्यात. त्या म्हणाल्या, माझा आवाज एवढा पातळ कधीच नव्हता.

त्यानंतरच्या महिन्याच्या बैठकीत आम्ही सगळ्यांना कॅसेटी आणायला सांगितल्या. चौदा आल्या. तीन कोऱ्या निघाल्या, दोन बुरशीच्या आहेत, त्या तशाच बाजूला ठेवल्यात. बाकीच्या काकांकडं दोन खेपांत भरून झाल्या. एका कॅसेटवर एक बाई एकटीच पाळणा गाते, सुरुवातीला कुणीतरी १९८८ असं साल बोलतं. ती कुणाच्या घरातून आली ते माहीत आहे, पण त्या घरात आवाज कुणाला ओळखता येत नाही. येत्या बैठकीला ती पुन्हा लावणार आहोत, साठीच्या पुढच्या सगळ्या बायकांना बोलावलंय.